बटणातला दिवा कधी पेटावा?

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या बोर्डावर वेगळा बसवलेला लाल इंडिकेटर एवढंच सांगतो, लाइन आहे की गेली. आज बोलायचं आहे ते बटणाच्या आतच असलेल्या दिव्याबद्दल. तो दोन प्रकारे जोडता येतो, आणि दोन्हींचा अर्थ अगदी उलट.

पहिला, बटण बंद असताना पेटणारा. अंधारात बटण सापडावं म्हणून. छोटा निऑन दिवा आणि त्याच्याबरोबर करंट कमी ठेवणारा एक रेझिस्टर, बटणाच्याच दोन टोकांना जोडलेले. फेजकडून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरकडून, येणारा एखाद मिलीअँपिअर करंट यातून निघतो आणि खोलीतल्या बल्बमधून न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरला, जातो. बटण चालू केलं की दोन टोकांत व्होल्टेजच उरत नाही, दिवा विझतो. वेगळी न्यूट्रल वायर लागत नाही, म्हणून हा प्रकार स्वस्त. जुन्या पिवळ्या बल्बला एवढ्याशा करंटनं काहीच होत नव्हतं. एलईडीचं तसं नाही. त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर हळूहळू भरतो आणि बंद केलेला बल्ब रात्रभर मिणमिणतो, नाहीतर थांबून थांबून चमकतो. लोक बल्बला दोष देतात. खरं कारण भिंतीवरच्या बटणात असतं.

दुसरा, चालू असताना पेटणारा. तो उपकरणाला समांतर असतो, त्याला बोर्डात न्यूट्रल हवाच. गिझरला हाच हवा, गच्चीवरची टाकी भरणाऱ्या मोटरला हाच हवा. आणि नागपुरात तर कूलरच्या पंपाला सगळ्यात आधी. पंख्याच्या घरघरीत पंपाचा आवाज ऐकूच येत नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी संपतं, पंप कोरडा फिरत राहतो आणि जळतो. बटणावर दिवा असला की जाता-येता लक्ष जातं.

मात्र एक गोष्ट कळकळीनं सांगते. दिवा विझलेला दिसला म्हणून कूलरच्या पाण्यात हात घालू नका. निऑन जुना होऊन गेलेला असू शकतो, किंवा वायरमननं फेजऐवजी न्यूट्रलच बटणातून नेलेली असते. मग बटण बंद करूनही पंपापर्यंत फेज पोचलेलीच राहते. आधी प्लग काढा, मगच पाणी भरा.

घराची वायरिंग नव्यानं करत असाल तर भिंती फोडलेल्या असतानाच वायरमनला सांगा: गिझर, मोटर आणि कूलरच्या बोर्डात न्यूट्रल आणून ठेव. प्लास्टर झाल्यावर ते काम फार महागात पडतं.