पेटी आली

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी पेटी आली. माझा भाचा मेलबर्नला असतो, तो घेऊन आला. आल्या आल्या त्याने ती धापा टाकत जिन्यावरच टेकवली, आणि शेजारच्या काकूंनी दारातून पाहिलं. संध्याकाळी त्यांनी आमच्या सौ.ला विचारलं, "भाऊंनी निवृत्तीनंतर गाणं शिकायला घेतलं वाटतं?" सौ. म्हणाली, "गाणं असतं तर काय हवं होतं हो!"

ही पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. काळ्या रबराचं आवरण असलेला भलामोठा डबा आहे, त्यात पन्नास सीडी. सोबत एक पुस्तक, पोस्टर, पोस्टकार्डं, टी-शर्ट आणि एक पदकही. टी-शर्ट मी अजून घातलेला नाही, पदक मात्र सौ.ने किल्ल्यांच्या खुंटीला अडकवून टाकलं आहे. मेलबर्नच्याच 'एक्स्ट्रीम' नावाच्या कंपनीने २००० साली या पेटीच्या एक हजार प्रती काढल्या होत्या. कलाकार एकच, टोकियोचे मासामी अकिता. वाजवतात 'मर्झबो' या नावाने. आणि पन्नासच्या पन्नास सीडींवर आहे तो निव्वळ गोंगाट.

गोंगाट हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ना सूर, ना ताल, ना शब्द. पत्र्यावर पत्रा घासावा, माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी सुटते ती चाळीस मिनिटं सुटू द्यावी, वर पाऊस पाडावा, असं काहीतरी. पहिल्या दिवशी मी एक सीडी लावली, तशी सौ. स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "अहो, तीस वर्षं सातपूरला हेच ऐकून आलात ना? तिथे निदान पगार तरी मिळत होता."

तिचं चुकलं नव्हतं. माझी सगळी नोकरी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गेली, आधी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या विभागात, नंतर टूलरूममध्ये. अन् नाशिककराला गोंगाटाचं वावडं तरी कशाला असेल? देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव चालू असला की पोटात दणका बसतो. आपला नाशिक ढोल वाजायला लागला की शेजारच्या माणसाशी खुणेने बोलावं लागतं. पण ढोल ऐकताना पाय हलतो. या सीडींना पाय हलत नाही, मानही डोलत नाही. मग ऐकायचं कसं?

त्याचं उत्तर मला कारखान्यानेच दिलं, तेही विसाव्या सीडीच्या आसपास. प्रेस शॉपमध्ये नवा मुलगा आला की त्याला नुसता कल्लोळ ऐकू येतो. सहा महिन्यांनी त्याच कल्लोळात त्याला बारा प्रेस वेगवेगळ्या ऐकू येतात. वर्षाने तो जेवणाचा डबा उघडता उघडता सांगतो, सात नंबरचं बेअरिंग गेलंय. लेथवर टूल चॅटर मारायला, म्हणजे थरथरायला लागलं की आम्ही पाठमोरे असलो तरी मान वळायची. म्हणजे आवाज ऐकायचा नसतो, त्यातला बदल ऐकायचा असतो. अकितांची एखादी सीडी ऐकाल तर तुम्ही त्या नव्या मुलासारखे. पन्नास ऐकाल तर कुठे नवी वस्तू आली, कुठे हात बदलला, कुठे माणूस दमला, हे कळायला लागतं. एवढी मोठी पेटी कशाला, असं मला भाच्यानेही विचारलं. अरे, एका शिफ्टमध्ये कोणी मशीन शिकतो का?

या पेटीत १९७९ पासून १९९७ पर्यंतचं ध्वनिमुद्रण आहे, त्यामुळे बदल चांगलाच जाणवतो. सुरुवातीच्या सीडींवर टेपची वेटोळी आहेत, म्हणजे टोकं जोडून पुन्हा पुन्हा फिरवलेला टेपचा तुकडा, भंगाराला चिकटवलेले छोटे माइक आहेत, ते पत्र्याचा थरकाप थेट उचलतात. त्या काळात अकिता घरीच कॅसेट भरायचे आणि टपालाने पाठवायचे. पुढे नव्वदीत आवाज विजेचा होत जातो, सिंथेसायझर येतात आणि सगळं भिंतीसारखं सलग होतं. काहींना तोच भाग आवडतो. मला नाही. मला पत्रा ओळखू येतो ते सुरुवातीचेच दिवस आवडतात. आणि खरं सांगायचं तर पन्नासातल्या पाच-सहा सीडी मला साफ कंटाळवाण्या वाटल्या. त्या मी दोनदा ऐकल्या, दुसऱ्यांदा निव्वळ हट्टाने.

भंगाराचं म्हणालो, त्यावरून नावाची गोष्ट सांगतो. जर्मनीत कुर्ट श्विटर्स नावाचे चित्रकार होते. ट्रामची तिकिटं, फाटके कागद, लाकडाच्या ढलप्या चिकटवून चित्रं करायचे. एका चित्रात बँकेच्या जाहिरातीचा कागद कापून लावताना 'कोमर्त्स' म्हणजे व्यापार या शब्दातला 'मेर्त्स' एवढाच तुकडा उरला. त्यांनी तोच शब्द आपल्या सगळ्या कामाला लावला. हॅनोव्हरला त्यांनी राहत्या घरातच अशा जोडकामाची गुहा उभी केली, तिला म्हणाले 'मेर्त्सबाउ'. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. मर्झबो हे नाव त्या घरावरून घेतलेलं. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. तिथे मी स्वतः मोडक्या मशीनचे गिअर उचलून आणले आहेत, कधीतरी लागतील म्हणून. लागले नाहीत, पण टाकलेही नाहीत.

आता पेटी सांभाळण्याबद्दल, कारण तुमच्यापैकी अनेकांकडे सीडी पडून असतील. आमच्या पेटीचं रबर पहिल्याच पावसाळ्यात चिकट व्हायला लागलं. मशीनमधली रबरी ऑइल सील वर्षानुवर्षं सांभाळलीत, त्यामुळे उपाय माहीत होता. कोरड्या फडक्याने पुसायचं, शंखजिऱ्याची पूड हलकी फिरवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधायचं नाही. आणि सीडीबद्दल एक चुकीची समजूत आहे. चकचकीत बाजू जपा, छापील बाजू कशीही ठेवा, असं लोक करतात. वास्तविक माहितीचा ॲल्युमिनियमचा थर असतो छापील बाजूलाच, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली. चकचकीत बाजूला मिलिमीटरभर जाड प्लॅस्टिक असतं, त्यावरचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिशने निघतो. छापील बाजूचा ओरखडा थरापर्यंत गेला की तेवढी माहिती कायमची गेली. पुसायचं तेही मधून कडेकडे, गोल गोल नाही.

सगळ्या सीडी मी संगणकावरही उतरवून घेतल्या, आणि तिथे एक गंमत झाली. आवाजातला एक कणही न गमावता फाइल लहान करण्याची एक पद्धत आहे, तिला फ्लॅक म्हणतात. ती पद्धत मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय येईल याचा अंदाज बांधते आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच लिहून ठेवते. माझ्याकडे तानपुऱ्याची सीडी होती, ती निम्म्याहूनही लहान झाली. तानपुरा आपला शब्द पाळतो. अकितांच्या नव्वदीतल्या सीडी मात्र जेमतेम कमी झाल्या. संगणक दर वेळी अंदाज बांधतो आणि दर वेळी तोंडावर आपटतो. सौ.ला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे त्यालाही कळत नाही. मला वाटलं मलाच."

एक काळजी मात्र घ्या. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. माझ्या उमेदीच्या काळात कानात बोळे घालणाऱ्याला लोक हसायचे, त्याची किंमत माझा डावा कान आज मोजतोय. म्हणून घरी ही सीडी मी बोलण्याच्या आवाजापेक्षा मोठी लावत नाही. जाणकार म्हणतील हा अपमान आहे. असू दे.

हा नाद थांबत नाही, हेही कबूल करतो. अकितांचं काम चारशे अल्बमच्या पलीकडे गेलं आहे. २००९ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या नावाची तेरा अल्बमची मालिका सुरू केली, दर महिन्याला एक. पहिला चिमणीचा, पुढे घुबड, कावळा. २०१० ला बारा सीडींची आणखी एक पेटी आली. भाचा पुढच्या दिवाळीत येतोय, मी त्याला फोनवर चिमणीबद्दल विचारलं. फोन स्पीकरवर होता हे लक्षात आलं नाही. आतून सौ.चा आवाज आला, "त्याला म्हणावं, चिमणी आण, पेटी नको."

जाता जाता. गोंगाटाची रेडिओशी जुनी सोयरीक आहे. पियेर शेफेर नावाचे फ्रेंच रेडिओतले एक तंत्रज्ञ होते. त्यांनी रेल्वेची इंजिनं, भांडी, भोवरे यांचे आवाज जोडून रचना केल्या आणि ५ ऑक्टोबर १९४८ ला त्या पॅरिसच्या रेडिओवरून ऐकवल्या. म्हणून मी इथल्या मंडळींना विनंती केली की पेटीतला एक तुकडा वाजवू द्या. ते म्हणाले, श्रोत्यांना वाटेल ट्रान्समीटर बिघडला, फोन येतील. बरीच घासाघीस झाली. मी दोन मिनिटं मागितली होती, पंधरा सेकंदांवर तोडगा निघाला.

तेव्हा श्रोतेहो, आता आवाज थोडा कमी करा, आणि पंधरा सेकंद रेडिओला हात लावू नका. तो बिघडलेला नाही.