जमैकाचं सर्वात मोठं फुलपाखरू दोनच कोपऱ्यांत का उरलं?

नमस्कार मंडळी!

[हातातली पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून]

ही कंपासपेटीतली पट्टी. पंधरा सेंटिमीटर. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय ते फुलपाखरू पंख पसरून बसलं, तर ही पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकली जाते. नाव होमेरस, शास्त्रीय नाव पॅपिलिओ होमेरस. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत शेपटीवाली जितकी फुलपाखरं आहेत, त्यांत सर्वात मोठं हेच. आणि ते जगात एकाच ठिकाणी सापडतं, जमैकात.

जमैका म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, रेगे आठवतं, उसेन बोल्ट आठवतो. बेट किती मोठं? अकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. पण एवढ्याशा बेटावर २,२५६ मीटर उंचीचं ब्लू माउंटन शिखर आहे आणि त्याच्या पूर्व उतारांवर धो-धो पाऊस पडतो.

[स्क्रीनवर होमेरसचा फोटो]

बघा. काळपट तपकिरी पंख, त्यांवर आडवा रुंद पिवळा पट्टा, मागच्या पंखांवर निळी झाक आणि खाली चमच्याच्या आकाराच्या शेपट्या. झाडांच्या शेंड्यांवरून हे तरंगत जातं, पंख फार फडफडवत नाही. लांबून पाहणाऱ्याला पक्षीच वाटतो. फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञानं १७९३ मध्ये त्याचं नामकरण केलं, ट्रॉयच्या युद्धावर महाकाव्य रचणाऱ्या ग्रीक महाकवी होमरवरून. शेपटीवाल्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातली नावं द्यायची पद्धतच होती, जीवांना शास्त्रीय नावं देण्याची रीत घालून देणाऱ्या लिनियसपासूनची. आपली राणी पाकोळी, २०१५ पासूनचं महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तिचं शास्त्रीय नाव पॉलिम्नेस्टर, तेही त्याच गोतावळ्यातलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढे दणकट पंख आहेत, उडायला कुणाची आडकाठी नाही, बेट छोटं. मग हे फुलपाखरू बेटभर का दिसत नाही? पूर्वी जमैकाच्या सात पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, ते होतं. आज दोनच जागा उरल्यात. एक पूर्वेला, ब्लू माउंटन्स आणि जॉन क्रो माउंटन्स जिथे एकमेकांना भेटतात तिथे. दुसरी पश्चिमेला, कॉकपिट कंट्री. मधल्या डोंगरांतली वस्ती संपली.

बहुतेकांना वाटतं, फुलपाखरू धरणाऱ्यांनी ते संपवलं असेल. संग्राहकांचा त्रास होता, नाही असं नाही. म्हणूनच १९८७ मध्ये साइटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, म्हणजे देशाबाहेर धंद्यासाठी खरेदी-विक्री बंद. त्या यादीत फुलपाखरं अगदी मोजकी आहेत. पण माझ्या मते जाळीवाल्यांची गोष्ट रंगवून सांगायला सोपी आहे, म्हणून ती जास्त सांगितली जाते. खरी अडचण अळीच्या जेवणात आहे.

मादी अंडी घालते ती मुख्यतः हर्नांडिया नावाच्या झाडावर. पूर्वेला त्याची एक जात, पश्चिमेला दुसरी. दमट जंगलातलं, ओढ्याकाठचं झाड. बंगल्याच्या कुंपणाशी कुणी लावत नाही, आणि लावलं तरी कोरड्या हवेत या अळीचा निभाव लागत नाही. फुलपाखरू मधासाठी दहा फुलांवर जाईल, पण अळीला तेच पान हवं. जिथे जंगल तुटलं, तिथे हर्नांडिया गेलं, आणि होमेरसही.

आता पान आहे असं धरू. तरी अंड्यातून अळी बाहेर पडेलच असं नाही. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी एक परजीवी गांधीलमाशी होमेरसच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना कॅम्पसमधले कीटकशास्त्रज्ञ एरिक गॅरावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं या फुलपाखराचा अभ्यास केलाय. अंडी सर्वात जास्त मरतात ती या माशीमुळे, हे त्यांच्याच कामातून पुढे आलं. यातून सुटलेली अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि अंगावर खोटे डोळे मिरवते. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन महिने लागतात. हे तीन महिने लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

[स्क्रीनवर नकाशा, दोन ठिपके]

हे दोन ठिपके मला फार महत्त्वाचे वाटतात. सतराव्या-अठराव्या शतकात उसाच्या मळ्यांतून पळालेले आफ्रिकी गुलाम डोंगरांत जाऊन राहिले, त्यांना मरून म्हणतात. त्यांचे दोन गट होते. पश्चिमेचे कॉकपिट कंट्रीत, पूर्वेचे ब्लू आणि जॉन क्रो डोंगरांत. म्हणजे नेमके हेच दोन ठिपके! कॉकपिट कंट्री म्हणजे चुनखडीचा प्रदेश, पावसानं कोरलेल्या शेकडो खोल वाट्या आणि त्यांच्यामध्ये टेकड्या. सरळ वाट म्हणून नाही. इंग्रजी फौजा तिथे शिरायच्या आणि मार खाऊन परतायच्या. डोंगर पाठीशी असला की मूठभर माणसं काय करू शकतात, हे सह्याद्रीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. शेवटी १७३९ मध्ये इंग्रजांना कुजो या मरून नेत्याशी तह करावा लागला.

ज्या जमिनीवर ऊस लावता येत नाही, गाडी नेता येत नाही, तिथे जंगल शिल्लक राहिलं. माणसं आणि फुलपाखरू एकाच अवघड भूगोलामुळे वाचले. २०१५ मध्ये युनेस्कोनं ब्लू आणि जॉन क्रो माउंटन्सना जागतिक वारसा जाहीर केलं, तेही निसर्ग आणि मरून संस्कृती, दोन्हींसाठी एकत्र. होमेरसचा उल्लेख करायचा तर तो याच संदर्भात करावा.

अवघड भूगोल कायमचा पुरतो का? नाही. पूर्वेला कॉफी आणि पाइनच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं. १९८८ मध्ये गिल्बर्ट चक्रीवादळ बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेलिसा पश्चिम जमैकावर आदळलं. कॉकपिट कंट्रीच्या खाली तर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज आहे. २०१७ मध्ये सरकारनं या भागाची हद्द जाहीर केली, आत खाणकाम नाही असं सांगितलं. हद्दीबाहेरच्या खाणींवरून भांडण चालूच आहे.

जरा श्वास घेऊ. जमैकात गेलात तर होमेरस दिसेलच याची खात्री नाही, पण झेब्रा लाँगविंग दिसेल. काळ्यावर पिवळे पट्टे, बागेत आरामात फिरतं. बहुतेक फुलपाखरं मध पिऊन जगतात, हे परागकणही खातं आणि म्हणून काही महिने जगतं. रात्री दहा-वीस जण एकाच फांदीला लटकून झोपतात. आणि जमैकन माणूस ‘बॅट’ म्हणाला तर वटवाघूळ शोधू नका, तो पतंगाबद्दल बोलत असतो. वटवाघळाला ते ‘रॅट-बॅट’ म्हणतात.

आणखी एक गंमत. आपल्याकडे घोळीच्या भाजीवर अंडी घालणारं एक फुलपाखरू आहे. नर काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. मादी मात्र नारिंगी, रुईवर वाढणाऱ्या विषारी फुलपाखराची हुबेहूब नक्कल. हेच फुलपाखरू कॅरिबियन बेटांवरही आहे. पण ज्याची ती नक्कल करते, ते रुईवरचं फुलपाखरू अमेरिका खंडात नाहीच! तिथल्या पक्ष्यांना ही सोंगं कुणाची वाटत असतील कोण जाणे.

आता तुमच्या ओळखीचं. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर येणारी हिरवी अळी आठवा. डिवचली की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढते आणि आंबूस वास सोडते. ती बहुधा लिंबाळीची. हे फुलपाखरू २००४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं, कॅरिबियनमध्ये पहिल्यांदाच. २००६ पर्यंत जमैका आणि पोर्तो रिकोतही पोचलं. गुन्हेगार आपलं नाही हं, जनुकीय तपासणीत ते आग्नेय आशियातून गेल्याचं दिसलं.

होमेरस आणि लिंबाळी, दोघं एकाच कुळातले, एकाच बेटावर. लिंबाळीच्या अळीला लिंबू चालतं, संत्रं चालतं, मोसंबी चालते. रोपवाटिका म्हणजे तर पंगतच, कोवळी रोपं एका रांगेत मांडलेली. अनुकूल हवेत महिन्याभरात नवी पिढी तयार. होमेरसचे तीन महिने आठवतात ना? एका होमेरसच्या वेळात लिंबाळीच्या दोन-तीन पिढ्या होतात. माणूस जिथे जाईल तिथे लिंबू लावतो, त्यामुळे लिंबाळीला रस्ता आपोआप मिळतो. हर्नांडिया कुणी लावत नाही. जमैकाच्या बागायतदारांना आज अळ्या नकोशा झाल्यात त्या या पाहुण्याच्या, आणि संशोधक डोंगरात पाय मोडेपर्यंत अळ्या शोधतात त्या घरच्या फुलपाखराच्या.

तुमच्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर लाल शिंगांची अळी असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. राणी पाकोळीची अळीही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढते, दोघींमध्ये गल्लत होते. कुणाची कुठली, हे पुढच्या व्हिडिओत तुमचेच फोटो घेऊन ओळखायला शिकू.