पॉल्सबो : एका अक्षराची चूक

(दृश्य : पहाटेचं धुकं, खाडीत उभ्या असलेल्या होड्या, मागे बर्फाच्छादित ऑलिंपिक पर्वतरांग.)

सिअॅटलच्या धक्क्यावरून फेरीबोट धरायची, बेनब्रिज बेटावर उतरायचं आणि अगेट पासचा पूल ओलांडून पलीकडे जायचं. थोड्याच वेळात एक अरुंद, शांत खाडी लागते आणि तिच्या काठावर एक छोटंसं गाव. भिंतीवर मोठ्या अक्षरांत स्वागत लिहिलंय : ‘वेल्कोमेन तिल पॉल्सबो’. भाषा नॉर्वेजियन, देश अमेरिका, राज्य वॉशिंग्टन.

मुख्य रस्त्यावरच्या लाकडी नक्षीवर, कौलारू दर्शनी भागांवर आणि व्हायकिंगच्या शिंगवाल्या टोपांवर मात्र फार विसंबू नका. हा बराचसा साज अलीकडचा, पर्यटकांसाठी चढवलेला. या गावातली अस्सल नॉर्वेजियन वस्तू त्याच्या नावात आहे, आणि तीसुद्धा चुकीची लिहिलेली.

(दृश्य : वल्ह्यांचा आवाज, पाण्यावरून सरकणारी होडी.)

1883 साल. सिअॅटलहून वल्हवत आलेल्या एका होडीतून तिघं जण इथे उतरले : यर्गन एलियासन, त्याची बहीण राकेल आणि त्याचा सहा वर्षांचा मुलगा. डोंगरउतारावरून थेट पाण्यात उतरणारं जंगल, आत शिरलेली खाडी, खाडीत मासळी. नॉर्वेच्या माणसाला ओळखीचं वाटावं असंच सगळं. फरक एवढाच, की इथे जमीन मिळत होती. नॉर्वेत पिकाऊ जमीन जेमतेम तीन टक्के. त्यामुळे 1825 ते 1925 या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेत आले.

पण हा किनारा रिकामा नव्हता. तो सुक्वामिश या मूलनिवासी लोकांचा. या जागेला त्यांच्या भाषेत नाव होतं, अर्थ ‘मेपलची जागा’. अमेरिकन सरकारशी झालेल्या 1855च्या पॉइंट एलियटच्या करारानंतर त्यांच्या वाट्याला जवळचीच एक राखीव जमीन उरली. करारावर सही करणारे त्यांचे प्रमुख सिअॅटल यांची समाधी इथून काही मैलांवरच आहे. म्हणजे नॉर्वेजियनांनी नाव ठेवलं ते आधीच नाव असलेल्या जागेला.

(दृश्य : दौत, टाक, जुना कागद.)

1886 साली वस्तीला टपाल कार्यालय हवं झालं. टपाल हवं तर नाव हवं. इव्हर मो नावाच्या रहिवाशाने आपल्या मूळ गावाचं नाव सुचवलं : पाउल्सबो. ‘बो’ म्हणजे घर, वस्ती. आपल्याकडे म्हणायचं तर पाउलची वाडी. हे मूळ गाव नॉर्वेच्या आग्नेय टोकाला, स्वीडनच्या सीमेजवळच्या हाल्डन शहरालगत. मोच्या काळी हाल्डनला फ्रेडरिक्सहाल्ड म्हणत. त्या शहराने पुढे नाव बदललं ते जाणूनबुजून.

इथे तसं काही झालं नाही. अर्ज देशाच्या राजधानीत पोचला आणि तिथल्या कुणा कारकुनाने मोच्या हस्ताक्षरातला ‘ए’ हा ‘ओ’ म्हणून वाचला. तसाच मंजूर केला. ‘ए’ची शेपटी जरा नीट वळली असती तर ही फिल्म कदाचित बनलीच नसती.

कुणी दुरुस्तीसाठी भांडलं नाही. 1908 मध्ये गावाला अधिकृत शहराचा दर्जा मिळाला, तोही या चुकीसकट. गंमत म्हणजे दुसरं एक नाव लोकांना खुपलं. खाडीला म्हणत डॉगफिश बे, म्हणजे मुशीची खाडी. मुशीच्या यकृताचं तेल जंगलतोडीच्या कामात वंगण म्हणून चाले. ओंडके ओढायच्या वाटांवर ते ओतत. नाव अगदी खरं, पण त्याला वास येत होता. मग खाडी झाली ‘लिबर्टी बे’. टपालाच्या शिक्क्यावरची चूक मात्र कुणाला बोचली नाही.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. शिडाची जहाजं, धक्क्यावर खारवलेल्या माशांचे ढीग.)

गावाचं पोट भरलं ते कॉड माशाने. इथली शिडाची जहाजं वसंतात उत्तरेकडे, अलास्कापलीकडच्या बेरिंग समुद्रात जात. तिथे जहाजावरून लहान होड्या खाली सोडायच्या आणि थंड पाण्यात हातगळ टाकून दिवसभर बसायचं. मासा मिठात घालून परत आणायचा. यातलं ‘सी. ए. थेयर’ हे 1895 साली बांधलेलं जहाज 1950पर्यंत या धंद्यात होतं. वाफ आणि डिझेलच्या जमान्यात, फक्त शिडांवर! आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जपून ठेवलंय.

सुरुवातीची अनेक वर्षं घरात, दुकानात, चर्चमध्ये नॉर्वेजियन चाले. मग दुसरं महायुद्ध आलं. जवळच ब्रेमर्टनची नौदल गोदी. तिथल्या कामगारांसाठी इथे घरं उठली, लोकसंख्या जवळजवळ तिप्पट झाली आणि गावाची बोली इंग्रजी झाली. 1975 साली, स्थलांतराला दीडशे वर्षं झाली तेव्हा, नॉर्वेचे राजे पाचवे ओलाव इथे येऊन गेले. तेव्हा त्यांच्याशी मातृभाषेत बोलू शकणारी बहुतेक डोकी पांढरी झालेली असणार.

(दृश्य : टेकडीवरचं चर्च. वाफाळणारी ताटं.)

चर्चमध्ये दर ऑक्टोबरला लूटेफिस्कचं जेवण असतं. सुकवलेला कॉड आधी पाण्यात, मग तीव्र अल्कलीच्या द्रावणात, मग पुन्हा पाण्यात भिजवायचा. तो जेलीसारखा थुलथुलीत होतो. वर वितळलेलं लोणी. ज्यांच्या आजीने खाऊ घातला नाही, त्यांनी जरा बेतानेच वाढून घ्यावा.

(दृश्य : फेरीतून उतरलेले प्रवासी, गावाची पाटी.)

नवखा पाहुणा पाटी वाचतो आणि विचारतो, “पूल्सबो हेच का?”

“पॉल्सबो,” समोरचा सांगतो. लिहिताना ‘ओ’, बोलताना अजून पॉलच.