हाताला काम, चेहऱ्याला मोकळीक

(दृश्य: खिडकीजवळची खुर्ची. बसलेल्या मुलीचे हात.)

हे हात बघा. आत्तापर्यंत गप्पांच्या ओघात सहज फिरत होते. कॅमेरा समोर आला आणि त्यांना जागाच सापडेना. आधी मांडीवर, मग घडी घालून, मग ओढणीच्या टोकाशी. खांदे वर चढलेत, हनुवटी मागे गेलीय, ओठांवर शाळेच्या ग्रुप फोटोतलं हसू आलंय. ही मुलगी मॉडेल नाही. कॉलेजात शिकते, मैत्रिणीनं गळ घातली म्हणून आली. "माझे फोटो चांगले येत नाहीत," हे तिनं दारातच सांगून टाकलं.

पोर्ट्रेट शिकणाऱ्या बहुतेकांना मॉडेल मिळतात ती अशीच: बहीण, शेजारीण, वर्गमित्र, आजी. फोटो फसला की त्यांच्याच अवघडलेपणाकडे बोट जातं. पण ते अवघडलेपण सोडवणं हे कॅमेऱ्यामागच्या माणसाचं काम आहे, आणि ते काम लेन्स निवडण्याइतकंच शिकावं लागतं.

(दृश्य: ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची छायाचित्रं.)

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश छायाचित्रकार. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, १८१५ सालचा. हाती कॅमेरा आला तो वयाच्या ४८व्या वर्षी, १८६३च्या डिसेंबरात, लेक-जावयानं दिलेली भेट म्हणून. तेव्हा त्या इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर राहत होत्या. घरची कोळशाची खोली डार्करूम झाली, काचा बसवलेलं कोंबड्यांचं खुराडं स्टुडिओ झालं. कवी टेनिसन, शास्त्रज्ञ डार्विन अशी मोठी माणसं त्यांच्यासमोर बसली. पण पुन्हा पुन्हा बसली ती घरात कामाला असलेली मेरी हिलियर. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर उमटायचा, आणि त्यासाठीचं एक्स्पोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देणं, कधी कधी काही मिनिटं चालायचं. तेवढा वेळ उसनं हसू कोण टिकवणार? कॅमेरॉनबाई मेरीला भूमिका द्यायच्या. कधी ती येशूची आई व्हायची, कधी ग्रीक कवयित्री सॅफो. त्या फोटोंमधली मेरी बघा. तिचं लक्ष दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि त्यामुळेच चेहरा तिचा स्वतःचा राहिलाय.

नवख्या माणसाला "नॅचरल राहा" म्हटलं की तो आणखी ताठ होतो. त्यापेक्षा काहीतरी करायला द्या. केस सोडून पुन्हा बांधायला सांगा. खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा मोजायला सांगा. आजींच्या पुढ्यात तांदळाचं ताट ठेवा, त्या निवडत बसतील आणि बोलायलाही लागतील. पण त्याआधी त्यांना हवा तसा एक फोटो जरूर काढा: पदर नीट, हात गुडघ्यांवर, नजर समोर. त्यांच्या तरुणपणी स्टुडिओत जाणं हा समारंभ होता. तो मान आधी द्यायला हवा.

नामवंतांनाही कॅमेऱ्यासमोर मोकळं होणं अवघडच जातं. १९५०च्या दशकात अमेरिकी छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांनी फोटो काढून झाल्यावर समोरच्याला उडी मारायला लावण्याचा परिपाठच ठेवला. मेरिलिन मन्रोनं उडी मारली, अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष निक्सन यांनीही मारली. हवेत असताना चेहरा सांभाळायला सवड मिळत नाही.

(दृश्य: जुन्या वाड्याची ओसरी, दुपार.)

फोटोसाठी मुलीला बोलावण्याआधी प्रकाश ठरवून ठेवा. वाड्याची ओसरी असेल तर उत्तमच. अंगणातलं ऊन फरशीवरून उसळून चेहऱ्यावर येतं, डोळ्यांखाली सावली पडत नाही. फ्लॅटमध्ये मोठ्या खिडकीला पातळ पांढरा पडदा आणि प्रकाश परतवायला दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट एवढं पुरतं. ती बसल्यावर तुम्ही पंधरा मिनिटं स्टँडशी झटापट करत राहिलात, तर तिला वाटतं आपल्यातच काही चुकतंय.

अंतरही महत्त्वाचं. ८५ मिमी लेन्स असेल तर दीड-दोन मीटरवर उभे राहा. फोन असेल तर तोंडाजवळ नेऊ नका, मागे सरका आणि दोन पट झूम वापरा. २०१८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं मांडलं गेलं, की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. कितीतरी जण या भूमितीचा राग स्वतःच्या नाकावर काढत बसतात.

मान कशी वळवायची हे स्वतः करून दाखवा. चेहरा जरासा पुढे, हनुवटी किंचित खाली. तिच्या केसांना किंवा खांद्याला हात लावू नका, बट नीट करायचं काम मैत्रिणीकडे द्या. मैत्रीण सोबत असलेलीच बरी. आणि बोलत राहा. तुम्ही स्क्रीनकडे बघून नुसते गप्प झालात, तरी समोरची व्यक्ती धसकते. डोळे ताणलेले वाटले तर मिटायला सांगा, तीन आकडे मोजा आणि उघडताक्षणी क्लिक करा.

(दृश्य: लॅपटॉपवर फोटो निवडणं.)

आता एडिटिंग. मुरूम चार दिवसांचा पाहुणा, तो काढला तरी चालेल. तीळ ठेवा. त्वचेचा रंग उजळ करू नका. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या 'शर्ली कार्ड' या नमुना-फोटोवर कितीतरी वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असे, आणि प्रिंटचे रंग त्यावरून जुळवले जात. सावळ्या चेहऱ्यांवर तेव्हा अन्याय झाला. आज एका स्लायडरनं तोच अन्याय आपण आपल्या हातानं करतो, आणि ज्या मुलीनं विश्वासानं चेहरा समोर धरला, तिला सांगतो की हा रंग पुरेसा नाही.

तुम्हाला आवडलेला फोटो कदाचित तिला आवडणार नाही. १९७७ सालच्या एका प्रयोगात बहुतेकांनी स्वतःचा आरशासारखा उलटा केलेला फोटो पसंत केला, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींनी सुलटा. आपण स्वतःला रोज आरशातच तर बघतो. म्हणून दोन्ही दाखवा, उलटा आणि सुलटा. घरी नेऊन एक-दोन दिवस बघू द्या. इन्स्टाग्रामवर कोणता जाईल, किंवा एकही जाणार नाही, हे तिनं ठरवायचं.