हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान

श्रोतेहो, समुपदेशनाच्या खोलीत संभाषण बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होते: "माझा नवरा नार्सिसिस्ट आहे का?" नवऱ्याच्या जागी कधी सासू असते, कधी भाऊ, तर कधी सख्खी आई. नार्सिसिस्ट म्हणजे स्वतःच्या मोठेपणातच गुंतलेला, दुसऱ्याच्या भावनांची पर्वा नसलेला माणूस. हा प्रश्न मी थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगते. नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत १९८० साली आले. त्यासाठी आज नऊपैकी किमान पाच लक्षणे दिसावी लागतात आणि ती तपासायची तर त्या व्यक्तीने स्वतः तज्ज्ञासमोर बसावे लागते. ती सहसा बसत नाही. मात्र तिच्या सहवासात आपले काय होत चालले आहे, हे पाहणे आपल्या हातात असते.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. पगार त्यांचा, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. कोथिंबीर दहा, रिक्षा चाळीस, मुलाची पेन्सिल पाच, असा रोजचा हिशेब त्या शंभर पानी वहीत लिहीत. रात्री जेवणे आटोपल्यावर ती वही तपासली जाई आणि बेरजेत वीस रुपयांचा फरक निघाला की त्यांच्या माहेरचा उद्धार होई. हात कधी उगारला गेला नव्हता, आवाजही चढत नसे. सोसायटीत त्या गृहस्थांना देवमाणूस म्हणत. बाईंनी मला विचारले, "मॅडम, माझी स्मरणशक्ती तपासता येईल का?" सकाळी दिलेला शब्द संध्याकाळी 'मी असे बोललोच नाही, तुला भास होतात' म्हणून नाकारला जाई, आणि अकरा वर्षे हे ऐकून त्यांचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला होता. याला गॅसलायटिंग म्हणतात.

अशा घरात गोडीगुलाबीचे दिवसही येतात. गजरा आणला जातो, महाबळेश्वरची सहल ठरते, आणि तो चांगला दिवस पुन्हा येईल या आशेवर माणूस पुढचे सहा महिने काढतो. तेव्हा 'इतकी वर्षे का सहन केलेस?' असे कुणाही बाईला कृपा करून विचारू नका.

मी त्यांना वाद घालू नका, एवढेच सांगितले. जिथे समोरच्याला तुमचे म्हणणे समजून घ्यायचेच नसते, तिथे प्रत्येक स्पष्टीकरण उद्या तुमच्याच विरुद्ध वापरले जाते. उत्तर थोडक्यात द्यावे, बोललेले तारखेनिशी लिहून ठेवावे, एका विश्वासू माणसाला सारे सांगून ठेवावे. घर सोडायचे ठरवलेच, तर ते आधी बोलून दाखवू नये, कारण ताबा सुटतो आहे असे दिसताच शांत माणूसही हिंसक होऊ शकतो.

पुष्कळांना वाटते की मारहाण नसेल तर कायदा काही करत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्टपणे नमूद आहे. अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे, हे सारे त्यात येते. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते, आणि घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क कलम १७ देते. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तर मनावरचा ताण असह्य झाला तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे.

त्या बाई चौथ्या भेटीला आल्या तेव्हा तीच वही घेऊन आल्या. पुढून कोथिंबिरीचा हिशेब चालूच होता. वही उलटी धरून त्यांनी शेवटच्या पानापासून तारखा टाकत घरातली वाक्ये लिहायला सुरुवात केली होती. एका नोंदीखाली बारीक अक्षरात लिहिले होते: 'हे मी ऐकले.'