वेस्टमिन्स्टरमधला शेजारधर्म

श्रोतेहो, आजच्या विषयाला ‘सर्वधर्मसमभाव’ हा आपला सवयीचा शब्द लावण्याचा मोह होतो. तो मी टाळणार आहे, कारण ६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसऱ्या चार्ल्स राजांचा जो राज्याभिषेक झाला, तो मुळातच ख्रिस्ती उपासनाविधी होता. पवित्र तेलाचा अभ्यंग आणि प्रभुभोजन हे त्याचे गाभ्याचे भाग होते, आणि १६८८च्या कायद्याने ठरलेल्या शपथेत प्रॉटेस्टंट धर्म राखण्याचे वचनही होते. मात्र २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्केच भरले होते. ज्या सोहळ्याची मुळे एका धर्मात आहेत तो साऱ्या राष्ट्राचा कसा करायचा, हा आयोजकांपुढचा पेच होता.

पूर्वी हा पेच कुणाला फारसा जाणवत नसे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली कोल्हापूरचे शाहू महाराज लंडनला गेले होते. पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा ते परदेशात असतानाच निघाला. पण असे राजेमहाराजे पाहुणे म्हणून जात. विधीत त्यांना हात लावायला काही नसे. इतकेच कशाला, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, नसलेल्या धर्माधिकाऱ्याला विधीत जागा मिळायला १९५३ उजाडावे लागले, तेव्हा स्कॉटलंडच्या चर्चच्या मॉडरेटरनी, म्हणजे त्याच्या महासभेच्या अध्यक्षांनी, राणी एलिझाबेथना बायबल दिले.

२०२३ साली काढलेली वाट मला विचार करण्याजोगी वाटते. मंत्र यजमानाचेच राहिले, पण वस्तू राजापर्यंत नेण्याचा मान वाटला गेला. राजवस्त्र ज्यू समाजातल्या बॅरोनेस मेरन यांनी, कडी मुस्लिम लॉर्ड कमाल यांनी, अंगठी हिंदू लॉर्ड पटेल यांनी आणि हातमोजा शीख लॉर्ड इंदरजित सिंग यांनी आणला. ज्या वस्तूंचा अर्थ उघडपणे ख्रिस्ती नाही त्याच इतरांच्या हाती द्यायच्या, असे धोरण होते. रेघ अर्थात इतकी सरळ नव्हती, कारण त्या अंगठीच्या नीलमण्यावर माणकांचा क्रूस आहे. तरी धोरणामागचा विवेक खरा होता: ज्याच्या श्रद्धेत जे बसत नाही ते त्याच्या तोंडी घालायचे नाही, आणि पाहुण्यांसाठी आपल्या प्रार्थनेतून ख्रिस्ताचे नावही गाळायचे नाही. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक हिंदू असूनही त्यांनी बायबलमधल्या ‘कलस्सैकरांस पत्र’ या भागातला उतारा वाचला, तो पदाच्या नात्याने. शपथेतले धर्माविषयीचे शब्दही बदलले नाहीत. तिच्या आधी विधी चालवणाऱ्या कँटरबरीच्या आर्चबिशपांनी एवढेच जोडले की सर्व धर्मांच्या आणि विचारांच्या लोकांना मोकळेपणाने जगता येईल असे वातावरण जोपासण्याचा चर्च प्रयत्न करील.

खरे सहकार्य मला दिसते ते याहून बारीक गोष्टींत. राज्याभिषेक शनिवारी होता, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथ या विश्रामदिनी, आणि त्या दिवशी धर्मनिष्ठ ज्यू वाहनात बसत नाहीत. म्हणून मुख्य रब्बी एफ्राइम मर्व्हिस आणि त्यांच्या पत्नी यांची आदल्या रात्री सेंट जेम्स राजवाड्याच्या परिसरात राहण्याची सोय राजांनीच केली, जेणेकरून सकाळी ॲबीपर्यंत पायी जाता यावे. असल्या व्यवस्थेची जाहीर भाषणे होत नाहीत. त्यासाठी आधी कुणीतरी शेजाऱ्याला त्याची अडचण विचारावी लागते.

सोहळा संपून राजे निघाले तेव्हा ज्यू, हिंदू, शीख, मुस्लिम आणि बौद्ध प्रतिनिधी वाटेत उभे होते. श्रद्धेतले शेजारी म्हणून आम्ही लोकसेवेचे मोल जाणतो, अशा आशयाचे अभिवादन त्यांनी एका सुरात केले. ते उपासनेचा भाग म्हणून नव्हते, ती आटोपल्यानंतर होते. त्यामुळे कुणाच्याच धर्मशास्त्राला अडचण आली नाही. शब्बाथला ध्वनिवर्धकही चालत नाही, म्हणून त्या पाचही समाजांच्या प्रतिनिधींनी तो न वापरता, नुसत्या आवाजात ते शब्द उच्चारले, आणि राजे त्यांच्यासमोर थांबून ऐकत राहिले.