समुद्राकाठचा क्लब : आर्ब्रोथ फुटबॉल क्लबची गोष्ट

[दृश्य : हवाई चित्रण. एका बाजूला खवळलेला समुद्र, मधे दगडी भिंत, भिंतीला लागून हिरवं मैदान.]

निवेदन :

स्कॉटलंडचा पूर्व किनारा. डंडी शहरापासून साधारण 27 किलोमीटरवर आर्ब्रोथ नावाचं मासेमारीचं गाव आहे. लोकसंख्या तेवीस-चोवीस हजार. इथला धुरावलेला हॅडॉक मासा युरोपभर प्रसिद्ध आहे. दोन-दोन मासे शेपटीला बांधून, पिंपात पेटवलेल्या लाकडावर टांगून तो तयार करतात. गावापासून 8 किलोमीटरच्या आत केलेल्या माशालाच आर्ब्रोथचं नाव लावता येतं. 2004 पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे.

याच गावात 1878 मध्ये फुटबॉल क्लब सुरू झाला. रंग गर्द लाल, मरून. मासेमारीहून परतणाऱ्या होड्यांना बंदराची वाट दाखवणारा लाल दिवा इथे असायचा, त्यावरून खेळाडूंना आणि चाहत्यांना ‘रेड लिक्टीज’ म्हणतात, म्हणजे लाल दिवेवाले.

1880 पासून क्लब गेफिल्ड पार्कवर खेळतो आहे. युरोपातलं समुद्राच्या सर्वात जवळचं फुटबॉल मैदान म्हणून गेफिल्डची ख्याती आहे. भरतीच्या वेळी भिंतीपलीकडे काही पावलांवर पाणी असतं. उधाण आणि वादळ एकाच वेळी आलं की लाटांचे तुषार भिंतीवरून थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतात.

जगभर या क्लबचं नाव एका स्कोअरमुळे माहीत आहे. त्या स्कोअरकडे आपण येऊच. पण आर्ब्रोथ समजून घ्यायचं, तर आधी गेफिल्डचा वारा समजून घ्यावा लागतो.

[दृश्य : गोलरक्षक गोलकिक घेतो. चेंडू उंच जातो, हवेत थबकतो आणि मागे यायला लागतो.]

निवेदन :

फुटबॉलचं वजन 410 ते 450 ग्रॅम. एवढ्या हलक्या वस्तूला समुद्रावरून येणारा वारा हवा तसा फिरवतो. समोरून वारा असताना गोलरक्षकानं उंच किक मारली, तर चेंडू मध्यरेषेपर्यंतही पोहोचत नाही. वर चढतो, थांबतो आणि आपल्याच बचावपटूंच्या डोक्यावर उतरतो. गोलकिक वाऱ्यानं मागे येऊन थेट स्वतःच्याच गोलात गेली, तर नियमानुसार गोल धरत नाहीत, प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. आणखी एक अडचण : किक घेताना चेंडू स्थिर असायला हवा, आणि इथे तो ठेवल्या जागेवरून घरंगळतो. पुन्हा ठेवायचा, पुन्हा घरंगळायचा. त्यात वेळही जातो आणि लयही.

पाहुणे संघ इथे हमखास एक चूक करतात. वारा पाठीशी आला की त्यांना लांब पास देण्याचा मोह होतो. पण पाठीमागच्या वाऱ्यात लांब पास थांबतच नाही. धावणाऱ्या खेळाडूच्या पुढे पळत तो सरळ गोलरेषेबाहेर जातो. उलट वाऱ्याविरुद्ध तोच पास हवेत मंदावतो आणि खेळाडूच्या पायाशी येतो. म्हणून गेफिल्डवर मुरलेले खेळाडू वाऱ्याविरुद्ध खेळतानाही घाबरत नाहीत. चेंडू जमिनीवर ठेवायचा, पास आखूड द्यायचे, कॉर्नर जवळच्या खांबाकडे खाली मारायचा. आणि वारा पाठीशी असला की दुरून, लवकर आणि वारंवार फटके मारायचे, कारण अशा वाऱ्यात चेंडू नेमका कुठे उतरेल हे गोलरक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही.

नाणेफेकीलाही इथे इतर मैदानांपेक्षा जास्त किंमत आहे. पहिल्या अर्ध्यात वारा घ्यायचा की दुसऱ्या, हा कर्णधाराचा खरा निर्णय असतो. वारा दुपारभर तसाच राहील याची खात्री नसते, म्हणून मिळतो आहे तो आधी घ्यावा, हे शहाणपणाचं.

मैदानावर दीर्घकाळ नैसर्गिक गवतच राहिलं. खारे तुषार गवतावर बसले की मीठ पात्यातलं पाणी ओढून घेतं आणि पातं करपतं. वादळानंतर गोड्या पाण्यानं मीठ धुऊन मुळांच्या खाली उतरवणं हाच त्यावरचा उपाय. पाण्याचा निचरा चांगला असेल तरच तो लागू पडतो, नाहीतर खारं पाणी मुळांशीच साचून राहतं.

[दृश्य : जुनं कृष्णधवल छायाचित्र. मैदानाच्या कडेला दाटीनं उभे असलेले प्रेक्षक.]

निवेदन :

सुरुवातीच्या काळात हे मैदान फारच अरुंद होतं. 1884-85 च्या हंगामात स्कॉटिश कपच्या सामन्यासाठी ग्लासगोचा बलाढ्य रेंजर्स क्लब इथे आला आणि 4-3 असा हरला. रेंजर्सनं घरी तार केली, ‘घरामागच्या अंगणात हरलो’. मग रीतसर तक्रार करून त्यांनी मैदान मोजायला लावलं. रुंदी किमान 50 यार्ड हवी होती, ती 11 इंचांनी कमी भरली. सेंटिमीटरमध्ये सांगायचं तर फक्त 28. निकाल रद्द झाला, सामना पुन्हा खेळवला गेला आणि रेंजर्सनं तो 8-1 असा जिंकला.

नियमाच्या अक्षराला धरून हा निर्णय योग्यच होता. तरी गावाच्या क्लबनं मैदानात मिळवलेला विजय मोजपट्टीनं हिरावला गेला, हे विसरू नये असं आम्हाला वाटतं. कारण पुढच्याच हंगामात याच मैदानावर तो स्कोअर झाला.

[दृश्य : काळ्या पडद्यावर तारीख : 12 सप्टेंबर 1885.]

निवेदन :

स्कॉटिश कपची पहिली फेरी. समोर ॲबर्डीनचा बॉन अकॉर्ड क्लब. त्या काळी सुरुवातीच्या फेऱ्या भौगोलिक विभागांनुसार ठरत, आणि कच्च्या क्लबांना आधीच गाळणारी पात्रता स्पर्धा नव्हती. ती 1895 मध्ये सुरू झाली. त्यामुळे एका बाजूला सराव असलेला संघ आणि दुसऱ्या बाजूला कसाबसा जमवलेला संघ, अशा जोड्या लागणं अटळ होतं.

दिवस पावसाचा होता. मध्यंतराला स्कोअर 15-0. दुसऱ्या अर्ध्यात आणखी 21. शेवटी 36-0. नव्वद मिनिटांत 36 गोल, म्हणजे सरासरी दर अडीच मिनिटांनी एक.

या अडीच मिनिटांत काय काय बसवावं लागलं, तेही पाहा. गोलाला जाळी नव्हती. जाळी प्रचारात आली ती 1890 नंतर, लिव्हरपूलचे अभियंते जॉन ब्रॉडी यांच्या कल्पनेतून. म्हणजे प्रत्येक गोलनंतर चेंडू खांबांमधून दूर मागे जायचा, कुणीतरी तो आणायला धावायचं, मग तो मध्यावर ठेवून खेळ पुन्हा सुरू व्हायचा. हा वेळ वजा केला, तर प्रत्यक्ष खेळाची मिनिटं फारच थोडी उरतात. जाळी असती, तर स्कोअर कुठे गेला असता याचा अंदाज करता येतो.

काही गोल नाकारलेही गेले. चेंडू 41 वेळा खांबांमधून गेला, त्यातल्या 5 वेळा गोल दिला नाही, असं तेव्हाच्या वृत्तपत्रीय वृत्तांतात आहे. त्या काळचा ऑफसाइडचा नियम आजच्यापेक्षा कडक होता. चेंडू मिळणाऱ्या खेळाडूच्या पुढे प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू असावे लागत. तीनचे दोन झाले ते 1925 मध्ये.

जॉन पेट्री नावाच्या अठरा वर्षांच्या खेळाडूनं एकट्यानं 13 गोल केले. आंतरराष्ट्रीय सामन्यात एकाच खेळाडूनं 13 गोल करायला 2001 साल उजाडावं लागलं. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसननं अमेरिकन सामोआविरुद्ध ती मजल गाठली. आणि आर्ब्रोथचा गोलरक्षक जिम मिल्न? त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. एका प्रेक्षकाची छत्री घेऊन तो पावसात उभा राहिला, असं सांगतात.

त्याच दिवशी डंडीत दुसरा सामना चालू होता. डंडी हार्पनं ॲबर्डीन रोव्हर्सला 35-0 नं हरवलं. पंचांच्या नोंदीत 37 गोल होते. हार्पच्याच चिटणीसांनी आपल्या मोजणीनुसार 35 सांगितले आणि तोच आकडा कायम झाला. पंचांचा आकडा टिकला असता, तर आर्ब्रोथचा विक्रम त्याच संध्याकाळी मोडला असता. एका दिवशी, तीस किलोमीटरच्याही आत, असे दोन सामने झाले. स्पर्धेची रचना किती विषम होती याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

2002 मध्ये मादागास्करमध्ये 149-0 असा निकाल लागला खरा. पण तिथे एका संघानं पंचांच्या निषेधार्थ स्वतःच्याच गोलात चेंडू मारले होते. त्याची आणि गेफिल्डवरच्या दुपारची तुलना होऊ नये.

[दृश्य : कपाळाकडे ओढलेली टोपी घातलेल्या गोलरक्षकाचं रेखाचित्र.]

निवेदन :

याच काळात आर्ब्रोथनं नेड डॉइग हा गोलरक्षक घडवला. 1887 मध्ये आर्ब्रोथचा खेळाडू असतानाच तो स्कॉटलंडकडून खेळला. पण स्कॉटलंडमध्ये पैसे घेऊन खेळायला मान्यता मिळाली 1893 मध्ये. इंग्लंडमध्ये ती आधीच मिळाली होती, त्यामुळे चांगले खेळाडू दक्षिणेकडे जाऊ लागले. डॉइगही गेला. 1890 मध्ये नोंदणी पूर्ण होण्याआधीच त्याला खेळवल्याबद्दल संडरलंडचे 2 गुण कापले गेले. पुढे त्याच संडरलंडनं त्याच्यासह चार वेळा इंग्लिश लीग जिंकली. लहान गावानं खेळाडू तयार करायचा आणि मोठ्या शहरानं तो न्यायचा, हा क्रम तेव्हाच सुरू झाला होता.

1921 मध्ये आर्ब्रोथला स्कॉटिश लीगमध्ये जागा मिळाली. 1925 मध्ये गेफिल्ड सरकवून, वाढवून नव्यानं आखलं. 1935 मध्ये क्लब पहिल्या विभागात गेला आणि लगेचच्या हंगामात अकरावा आला. त्याहून वरचा क्रमांक क्लबला आजवर मिळालेला नाही. महायुद्धानं तो काळ संपवला. 1947 मध्ये स्कॉटिश कपची उपांत्य फेरी. 1952 मध्ये रेंजर्सविरुद्धच्या कप सामन्याला 13,510 प्रेक्षक, हाही अजून न मोडलेला आकडा. 1958-59 च्या हंगामात डेव्ह ईसननं लीगमध्ये 45 गोल केले.

मग अल्बर्ट हेंडरसन आले. 1962 ते 1980, एकच प्रशिक्षक. त्यांच्या काळात क्लब दोनदा, 1968 आणि 1972 मध्ये, सर्वोच्च विभागात चढला. फेब्रुवारी 1974 मध्ये आर्ब्रोथनं रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्सवर 3-2 नं हरवलं. या वेळी मैदान मोजायचा प्रश्नच नव्हता.

1975 मध्ये लीगची पुनर्रचना होऊन सर्वोच्च विभाग दहा संघांचा झाला, आणि आर्ब्रोथ त्याबाहेर राहिला. त्यानंतरची पस्तीस वर्षं बहुतेक खालच्या विभागांत गेली. लीगमधलं पहिलं विजेतेपद मिळालं 2011 मध्ये, तेही चौथ्या स्तरावर, पॉल शीरिन यांच्या मार्गदर्शनाखाली. स्थापनेपासून 133 वर्षांनी.

[दृश्य : दिव्यांच्या उजेडात संध्याकाळचा सराव. वाफाळणारे श्वास.]

निवेदन :

2016 मध्ये डिक कॅम्पबेल प्रशिक्षक झाले, त्यांचे जुळे बंधू इयन सहायक. 2017 मध्ये चौथा स्तर जिंकला, 2019 मध्ये तिसरा. आता गाठ चॅम्पियनशिपशी, म्हणजे दुसऱ्या स्तराशी होती. आणि आर्ब्रोथ अर्धवेळ क्लब होता.

अर्धवेळ म्हणजे नेमकं काय? खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येतात. विंगर बॉबी लिन कचरागाडीवर काम करायचा. पूर्णवेळ संघ आठवड्यातले चार-पाच दिवस सराव करतात, दुखापत झाली की दिवसा उपचार घेतात. अर्धवेळ खेळाडूला दुखावलेला स्नायू घेऊन सकाळी कामावर जावं लागतं. डावपेच बसवायला वेळ कमी, म्हणून रचना साधी ठेवावी लागते आणि तीच माणसं वर्षानुवर्षं टिकवावी लागतात. एकमेकांना ओळखणाऱ्या संघाला सांगावं कमी लागतं.

या पद्धतीला एक भक्कम बाजूही आहे. दुसऱ्या स्तरावरचा पूर्णवेळ करार बहुधा वर्ष-दोन वर्षांचा असतो. नोकरीचा पगार अधिक फुटबॉलचं मानधन, ही बेरीज अनेकदा त्याहून जास्त आणि जास्त खात्रीची ठरते. म्हणून तिशीकडे झुकलेले, जाणते खेळाडू अशा क्लबकडे येतात. तरुण आणि वेगवान खेळाडू मात्र मोठ्या क्लबांकडून लोनवर, म्हणजे काही काळापुरते उसने, आणावे लागतात, आणि गाडं अडतं ते तिथेच.

2021-22 च्या हंगामात चॅम्पियनशिपमधल्या दहा संघांत आर्ब्रोथ एकटाच अर्धवेळ होता, आणि तो अव्वल स्थानासाठी झुंजत होता. लोनवर आलेला आघाडीचा जोएल नूबल बचावपटूंना अक्षरशः जेरीस आणत होता. जानेवारीत त्याच्या मूळ क्लबनं, लिव्हिंग्स्टननं, त्याला परत बोलावलं. करारात तशी सोय असली की लहान क्लबला काहीच करता येत नाही. तरीही आर्ब्रोथ शर्यतीत राहिला.

22 एप्रिल 2022 ला किलमार्नॉकच्या मैदानावर फैसला झाला. अखेरच्या मिनिटांतल्या गोलानं किलमार्नॉक 2-1 नं जिंकला आणि विजेता ठरला. अंतिम गुण : किलमार्नॉक 67, आर्ब्रोथ 65. आर्ब्रोथ 36 सामन्यांत फक्त 5 हरला, किलमार्नॉक 9. फरक पडला तो 14 बरोबरींमुळे. विजयाला तीन गुण असताना बरोबरी महाग पडते.

बढतीची दुसरी वाट प्ले-ऑफची होती. इन्व्हर्नेसविरुद्धचे दोन्ही सामने गोलशून्य सुटले. गेफिल्डवरच्या दुसऱ्या सामन्यात इन्व्हर्नेसचे नऊच खेळाडू उरले होते, तरी आर्ब्रोथला गोल करता आला नाही, आणि पेनल्टींवर ते हरले. खोलवर दाटून बसलेल्या नऊ जणांना फोडायला सरावात घोटलेल्या चाली लागतात. आठवड्याच्या दोन संध्याकाळींत त्या कितपत घोटता येणार? या संघाला आम्ही त्या रात्रीचा दोष देत नाही.

पुढे घसरण झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये कॅम्पबेल गेले आणि 2024 मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर उतरला. तिथे सूत्रं आली डेव्हिड गोल्ड आणि कॉलिन हॅमिल्टन या जोडीकडे, दोघंही याच संघात वर्षानुवर्षं खेळलेले. गेफिल्डचा वारा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 2024-25 मध्ये त्यांनी लीग वन, म्हणजे तोच तिसरा स्तर, जिंकली आणि एका हंगामात आर्ब्रोथला पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये आणलं.

[दृश्य : सामना संपल्यावरचा गुणतक्ता. आर्ब्रोथ पहिल्या ओळीत.]